वेळ चुकलेला पूर

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडी धरणातून अडीच लाख क्युसेकहून अधिक पाणी गोदावरीत सोडावे लागले, तेव्हा बीड जिल्ह्यातील गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत नदीकाठच्या लोकांना घरे सोडून उंचावर जावे लागले. सिंदफणा त्याआधीच पात्राबाहेर पडली होती. सोयाबीन कुजले, कापसाची बोंडे काळी पडली, काही शिवारांत वरची मातीच खरवडून गेली. पंचनाम्यात पिके आली, जनावरे आली, पडलेल्या भिंती आल्या. पाणी ओसरल्यावर आरोग्य कर्मचाऱ्यांचे नेहमीचे काम सुरू झाले. विहिरींचे शुद्धीकरण, जुलाब-तापाचे सर्वेक्षण, डबक्यांत औषध टाकणे.

या सगळ्या नोंदींत एका गोष्टीला रकाना नसतो. नदीच्या पाण्याबरोबर माशांची किती पिल्ले काठच्या डबक्यांत, ओढ्यांच्या मुखांत आणि जुन्या पात्रांत पोहोचली? माणसे संकटात असताना माशांच्या पिल्लांची चौकशी करणे अनेकांना चमत्कारिक वाटेल. पण पुरानंतरच्या महिन्यांत डासांचे काय होते, नदीकाठच्या गरीब घरांतल्या ताटात काय पडते आणि भोई समाजातील मच्छीमार कुटुंबांचा हंगाम कसा जातो, या तिन्ही गोष्टी त्या पिल्लांशी जोडलेल्या आहेत. शिवाय हा प्रश्न धरणाचे दरवाजे कधी आणि कसे उघडायचे, या निर्णयापाशी येऊन थांबतो. तो निर्णय दर पावसाळ्यात घ्यावाच लागतो.

जिरे, बीज आणि बोटुकली

मत्स्यव्यवसायात माशाच्या बाळपणाला तीन नावे आहेत. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. आकाराने ते खरोखरच जिऱ्याएवढे, चार-पाच मिलिमीटरचे असते. थोडे वाढले की मत्स्यबीज, आणि माणसाच्या बोटाएवढे झाले की मत्स्यबोटुकली. तलावात सोडण्यासाठी विकत आणतात ती बहुधा ही बोटुकली.

कटला, रोहू, मृगळ आणि त्यांचे भाऊबंद पावसाळ्यात अंडी घालतात. पाणी चढू लागते, गढूळ होते, त्याचे तापमान आणि क्षार बदलतात, प्रवाहाला जोर येतो. या खुणा एकत्र आल्या की मासे काठच्या उथळ, नुकत्याच बुडालेल्या जागांकडे सरकतात. मोठी मादी एका वेळी लाखांच्या घरात अंडी टाकते. कोमट पाण्यात ती चौदा ते अठरा तासांत फुटतात. पहिले सुमारे तीन दिवस पिल्लाला तोंडाने खाता येत नाही; पोटाला चिकटलेल्या बलकाच्या पिशवीवर ते जगते. त्याला नीट पोहताही येत नाही. पाणी नेईल तिकडे ते जाते.

खरा कस चौथ्या दिवशी लागतो. बलक संपलेला असतो आणि तोंड उघडलेले असते. त्या क्षणी आजूबाजूला डोळ्यांना न दिसणारे बारीक जलजीव भरपूर हवेत, पाणी संथ हवे आणि मोठे मासे कमी हवेत. मुख्य पात्रात यातले काहीच नसते. तिथे गढूळ पाणी धावत असते. काठच्या उथळ पाण्यात मात्र ऊन पोहोचते, बुडालेले गवत कुजते, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात. प्रवाहाने पिल्लू वेळेत अशा जागी नेऊन सोडले तर ते जगते. उशीर झाला तर लाखातले एकही वाचत नाही. म्हणून त्या वर्षी नदीत किती मासे होतील, हे बऱ्याच अंशी त्या दोन-चार दिवसांत ठरते.

वोल्फगांग युंक, पीटर बेली आणि रिचर्ड स्पार्क्स या संशोधकांनी १९८९ मध्ये ही कल्पना सूत्रबद्ध केली. मोठ्या नद्यांची जीवसृष्टी पुराच्या ठोक्यावर चालते, असे त्यांचे म्हणणे होते. पाणी चढते, काठ व्यापते, परत पात्रात येते, आणि या ये-जा करण्यातच नदीचे बरेचसे अन्न तयार होते. नाडीसारखाच या ठोक्यालाही वेळ असतो, जोर असतो आणि दोन ठोक्यांमधले अंतर असते. यातले काहीही बिघडले तर परिणाम दिसतो.

बीडमध्ये ‘काठ’ म्हणजे काय

आसामातील बील किंवा बिहारमधील चौर यांसारखे मैलोन्‌मैल पसरलेले पाणथळ गोदावरीच्या या पट्ट्यात नाहीत. इथे नदीने काळ्या मातीत खोल पात्र कोरले आहे आणि दोन्ही काठ उंच आहेत. साधा पूर काठावर चढतच नाही. त्यामुळे इथे पिल्लांना आसरा मिळतो तो लहान लहान जागी. ओढे-नाले नदीला मिळतात तिथे पूर उलटा आत घुसतो आणि पाणी काही दिवस तुंबून राहते. नदीने सोडून दिलेली जुनी वळणे, पात्रातले डोह, सखल गायरान, वाळूच्या पट्ट्यामागची संथ पाण्याची पट्टी या बाकीच्या जागा.

यात संगमांना विशेष महत्त्व आहे. सिंदफणा पाटोदा तालुक्यातील डोंगरांत उगम पावते, बीड शहरातून येणारी बिंदुसरा आणि इतर लहान नद्या पोटात घेते आणि माजलगाव तालुक्यात मंजरथ येथे गोदावरीला मिळते. गोदावरी फुगलेली असते तेव्हा अशा संगमावर पाणी मागे रेटले जाते आणि प्रवाहाचा वेग मोडतो. वाहत आलेल्या पिल्लांसाठी तो थांबा असतो. आज वाळूउपशाने पात्राची पातळी आणि आकार दोन्ही बदलले आहेत. वाळूच्या पट्ट्यामागची संथ पट्टी नाहीशी होते आणि तिच्या जागी एकाकी खोल खड्डे उरतात. नाल्यांची मुखे कुठे भराव घालून शेतीत घेतली जातात, कुठे सरळ आणि खोल केली जातात. पाणी लवकर वाहून जाते, म्हणून त्या कामाचे कौतुकही होते. मात्र तिथला थांबा गेलेला असतो.

धरणाने वेळ कशी बदलली

जायकवाडी हे नाव मुळात बीड जिल्ह्यातले. हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरीवर धरण बांधण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा ते बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हायचे होते. पुढे जागा सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला गेली. नाव तेच राहिले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्‌घाटन झाले. सत्तावीस दरवाजांच्या या धरणात शंभर टीएमसीच्या आसपास पाणी मावते. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी १३२ किलोमीटर वाहत माजलगाव धरणापर्यंत येते. सिंदफणेवरचे ते धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. या दोन धरणांनी बीडला शेती दिली, ऊस दिला आणि पिण्याचे पाणी दिले. ती नसती तर काय झाले असते, याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

पण नदीच्या वेळापत्रकावर त्यांचा परिणाम झाला, हे मान्य केले पाहिजे. नाथसागरात मोठी आवक होते ती नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरची धरणे भरू लागल्यावर. नंतर नाथसागर स्वतः भरायचा असतो. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षीही पैठणच्या खाली सांडव्याचे पाणी जायला अनेकदा ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबर उजाडतो. तुटीच्या वर्षी दरवाजे उघडतच नाहीत. आणि माशांचा अंडी घालण्याचा मुख्य काळ जुलै-ऑगस्टचा आहे. म्हणजे मासे पोटात अंडी घेऊन पाणी चढण्याची वाट पाहत असतात तेव्हा नदी बहुतेक वर्षी सुस्त असते. आणि ती येते तेव्हा हंगाम उताराला लागलेला असतो. मादीला योग्य खूण मिळाली नाही तर ती अंडी टाकत नाही. शरीर ती परत शोषून घेते.

दुसरा बदल पाणी उतरण्याच्या पद्धतीत आहे. नैसर्गिक पूर ओसरायला दिवस लागतात. पिल्ले त्या काळात वाढतात आणि पाण्याबरोबर हळूहळू पात्राकडे किंवा खोल डोहाकडे सरकतात. धरणाचा विसर्ग मात्र काही तासांत दुप्पट होतो आणि काही तासांत निम्म्यावर येतो. पाणी झपाट्याने उतरले की पिल्ले सखल जागी अडकतात. डबके आठ दिवसांत आटले तर ती तिथेच मरतात.

तिसरा बदल बंधाऱ्यांचा. जायकवाडीच्या खाली गोदावरीवर आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव असे उच्च पातळी बंधारे एकामागून एक आहेत. दरवाजे बंद असताना नदी म्हणजे लांबट तलावांची माळ होते. साठलेल्या पाण्यात मासे असतात, मासेमारीही होते. पण पिल्लांना वाहत जायला लागणारी लांबी तुटते आणि काठ बुडण्या-उघडण्याचे चक्र थांबते. लहान नद्यांवरील कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचा नियम याबाबतीत चांगला आहे. पावसाळ्यापूर्वी बर्गे काढायचे आणि पावसाळा संपताना परत बसवायचे. तो पाळला जातो तिथे पुराचे पहिले पाणी मोकळे जाते. बर्गे गंजून अडकले, चोरीला गेले किंवा काढायचेच राहून गेले, तर पाणीही साठत नाही आणि मासेही जात नाहीत.

या पार्श्वभूमीवर २०२५ चा पावसाळा अभ्यासासारखा होता. त्या वर्षी जायकवाडीचे दरवाजे जुलैअखेरच उघडावे लागले आणि सप्टेंबरअखेर महापूर आला. एकाच हंगामात दोन ठोके मिळाले. एक माशांच्या वेळेला जुळणारा आणि सौम्य, दुसरा उशिराचा आणि विध्वंसक. पहिल्यात काठच्या जागी पोहोचलेली पिल्ले दुसऱ्या पुरापर्यंत बोटाएवढी झालेली असतात आणि प्रवाहाला काही प्रमाणात तोंड देऊ शकतात. दुसऱ्या पुरातली जिरे मात्र अशा पाण्यात सापडतात, ज्यात शेतांवरून धुऊन आलेली कीटकनाशके असतात, माती असते आणि वेग भयंकर असतो. कोणत्या पुराने नदीला किती मासे दिले, हे जाणण्याची अशी संधी वारंवार येत नाही.

आरोग्याशी संबंध: डास

पुरानंतर डास वाढतात, हा अनुभव प्रत्येक गावाचा आहे. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला उष्ण हवेत आठ ते बारा दिवस लागतात. पूर ओसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तक्रारी सुरू होतात, त्याचे कारण हेच. ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा ‘अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसिस’ हा डास स्वच्छ, उन्हातल्या, संथ पाण्यात अंडी घालतो. नदीचे पात्र आटू लागले की वाळूत आणि खडकांत उरणारी डबकी त्याला आवडतात.

अशा दोन डबक्यांची तुलना करता येते. एक केवळ पावसाने भरलेले. दुसरे पुराच्या पाण्याशी काही दिवस जोडले गेलेले. पहिल्यात डासांच्या अळ्यांना शत्रू कमी असतात. दुसऱ्यात नदीने आणलेली माशांची पिल्ले आणि अंगठ्याएवढे लहान मासे असतात, आणि त्यांतले अनेक डासांच्या अळ्या आवडीने खातात. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहणारे आपल्याकडचे छोटे मासे यात पटाईत असतात. नदी आणि काठ यांचा संबंध टिकला तर ही फौज दर पावसाळ्यात फुकट येते.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा ‘एडिस’ डास नदीत वाढत नाही. तो घरातल्या रांजणात, बॅरलमध्ये, कूलरमध्ये, छतावर पडलेल्या टायरमध्ये वाढतो. नळाला अनेक दिवसांनी पाणी येते म्हणून घरोघर साठवण करावी लागते, तिथे उपाय म्हणजे कोरडा दिवस पाळणे, भांडी झाकणे आणि गरज असेल तिथे अबेटिंग. नदीत कितीही मासे असले तरी डेंगी त्यांनी कमी होणार नाही. तापाच्या रुग्णाची रक्त तपासणी आणि वेळेवर उपचार यांना तर कोणताच पर्याय नाही.

दुसरी खबरदारी गप्पी माशांबाबत. गप्पी आणि गंबुशिया हे दोन्ही मासे अमेरिका खंडातले. गंबुशिया १९२८ पासून भारतात डास नियंत्रणासाठी वापरला जातो. गप्पी आरोग्य विभागाच्या ओळखीचाच आहे. बंदिस्त हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत किंवा शोभेच्या टाक्यात गप्पी सोडणे उपयोगी ठरते. पण उत्साहाच्या भरात ते नदीकाठच्या डबक्यात किंवा ओढ्यात सोडू नयेत. हे मासे भराभर वाढतात, अन्नावर हक्क सांगतात आणि गंबुशिया तर इतर माशांची अंडी व पिल्लेही खातो. जे काम नदीचे स्वतःचे मासे करत होते, त्यांनाच त्यामुळे हुसकावले जाते.

आरोग्याशी संबंध: ताट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यात, जिथे हजारो कुटुंबे वर्षातले काही महिने फडावर काढतात, आहारात भाकरी आणि तिखट भरपूर असते. प्रथिने, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची चणचण असते.

लहान नदीमाशांचे महत्त्व इथे आहे. मोठ्या माशाचा तुकडा खाल्ला तर प्रथिने मिळतात, पण काटे आणि डोके टाकून दिले जाते. बोटाएवढे मासे मात्र अख्खे खाल्ले जातात, काट्यांसह. त्यातून कॅल्शियम, लोह, जस्त आणि ब-१२ मिळते. काही लहान जातींमध्ये, विशेषतः बांगलादेशात आणि पूर्व भारतात प्रिय असलेल्या मोला माशात, अ जीवनसत्त्वही विपुल असते, आणि ते बरेचसे डोळ्यांत व डोक्यात असते. सुकवून ठेवलेले असे मासे महिनोन्‌महिने टिकतात. मजुरीवर जगणाऱ्या घराला ते परवडतात, कारण ते बहुधा विकत आणलेलेच नसतात. मासे चांगले शिजवून खावेत आणि शहराच्या सांडपाण्याजवळचे टाळावेत, एवढी काळजी पुरे.

या माशांचे बीज कोणी तलावात सोडत नाही. शासन आणि मच्छीमार संस्था जलाशयांत सोडतात ती प्रामुख्याने कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस अशा मोठ्या, बाजारात किंमत मिळणाऱ्या माशांची बोटुकली. त्या मासेमारीचा उपयोग आहेच. मात्र मळे, मरळ, वाम, शिंगाडा आणि बारीक चंदेरी मासे यांची पैदास नदीच्या भरवशावर असते. नदीचा ठोका चुकला की बाजारात रोहू दिसत राहतो, आणि गरिबाच्या कालवणातले बारीक मासे गुपचूप नाहीसे होतात.

मोजणे का थांबले

भारतात एके काळी नदीतल्या जिऱ्यांची मोजणी मोठ्या हिशेबाने होत असे, कारण त्यावर धंदा चालत होता. तळ्यात मासे वाढवायचे तर पिल्ले नदीतूनच पकडावी लागत. पुराच्या दिवसांत काठाला नरसाळ्याच्या आकाराची बारीक जाळी लावून जिरे गोळा करत आणि मडक्यांत भरून दूरवर पाठवत. कोणत्या वळणावर, पुराच्या कोणत्या टप्प्यात, कोणत्या जातीची पिल्ले सापडतात, हे मच्छीमारांना तोंडपाठ असे आणि शास्त्रज्ञ त्याच्या नोंदी ठेवत.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलीकुन्ही यांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून कृत्रिमरीत्या अंडी घालवून घेण्यात यश आले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मत्स्यशेतीसाठी ही क्रांतीच होती. पण तिचा एक न ठरवलेला परिणाम झाला. जिरे उबवणी केंद्रातून मिळू लागल्यावर नदीतल्या जिऱ्यांना बाजारभाव उरला नाही, आणि ज्याला भाव नाही ते मोजण्याची घाईही राहिली नाही. धरणे बांधली गेली ती नेमकी त्याच दशकांत.

इतर देशांनी या मोजणीतून काय साधले, हे पाहण्यासारखे आहे. चीनमध्ये यांगत्से नदीवरील थ्री गॉर्जेस धरणात २००३ पासून पाणी साठू लागले आणि धरणाखाली वाहत येणाऱ्या कार्पच्या पिल्लांची संख्या कमालीची घटली. तिथे पिल्ले वर्षानुवर्षे मोजली जात होती, म्हणून घट लगेच लक्षात आली. २०११ पासून त्या धरणातून उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही दिवस पाणी पायरीपायरीने वाढवत सोडले जाते, माशांना पुराची खूण मिळावी म्हणून. कंबोडियात मेकाँग फुगली की तोनले साप नदी उलटी वाहू लागते आणि माशांची असंख्य पिल्ले घेऊन तोनले साप सरोवर भरते. तिथल्या लाखो लोकांच्या प्रथिनांचा हा आधार आहे.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव थोडा सावध करणारा आहे. मरे-डार्लिंग खोऱ्यात सगळे मासे पुराची वाट पाहत नाहीत, काही जाती नदी संथ असताना अंडी घालतात, असे संशोधकांना आढळले. आणि काठची जंगले बुडवली तेव्हा बाहेरून आलेल्या उपद्रवी कार्पचीच पिल्ले तिथे मोठ्या संख्येने झाली. म्हणजे पूर सोडला की हवे तेच मासे वाढतील, असे गृहीत धरता येत नाही. गोदावरीतही चिलापी जागोजागी पसरला आहे, आणि बंदी असलेला थाई मांगूर एखाद्या तळ्यातून पुरात सुटला तर तो नदीभर जाऊ शकतो. म्हणून आधी मोजणे आणि नंतर ठरवणे, हाच क्रम योग्य.

बीडमध्ये काय करता येईल

अशा अभ्यासाला फार मोठा खर्च लागत नाही. तोंडाशी वेगमापक बसवलेले बारीक जाळे प्रवाहात ठरावीक वेळ धरले की किती पाणी त्यातून गेले आणि त्यात किती पिल्ले आली, हे समजते. हे काम दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा करावे लागते, कारण अनेक जातींची पिल्ले रात्री जास्त वाहतात. एक जाळे मुख्य पात्रात, एक नाल्याच्या मुखात आणि आतल्या डबक्यात प्रकाशाचा सापळा, असे तीन ठिकाणचे नमुने घेतले की पिल्ले कुठून कुठे जातात ते दिसते. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी वलये असतात, पण वर्षाची नव्हेत, दिवसाची. हे १९७१ मध्ये ज्योर्जो पानेला यांनी दाखवून दिले. बोटभर माशाची वलये मोजून तो कोणत्या तारखेला जन्मला ते काढता येते, आणि ती तारीख विसर्गाच्या नोंदींशेजारी ठेवता येते. धरणाच्या विसर्गाची नोंद तर तासागणिक होतच असते.

उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ आहे, मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. मंजरथचा संगम, गेवराई तालुक्यातील एखाद्या नाल्याचे मुख आणि एखादे जुने वळण अशा तीन जागी जून ते ऑक्टोबर नमुने घेतले, आणि त्याच डबक्यांतील डासांच्या अळ्यांची घनता आरोग्य विभागाच्या कीटकशास्त्रीय पथकाने मोजली, तर दोन-तीन हंगामांत उपयोगी उत्तर हाती येईल. काठावरच्या मच्छीमारांना यात रोजगार देता येईल आणि त्यांचे ज्ञानही नोंदवले जाईल.

आक्षेप उघड आहे. मराठवाड्यात माणसांना पाणी नाही, तिथे माशांसाठी ते कुठून आणायचे? केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, यावर दर तुटीच्या वर्षी नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वाद होतो. अशा ठिकाणी दुष्काळात माशांसाठी पाणी सोडा, असे कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये.

पण ज्या वर्षी पाणी सोडावेच लागणार असते, त्या वर्षी ते कसे सोडायचे हा प्रश्न वेगळा आहे. त्याला जास्तीचे पाणी लागत नाही. पावसाचा अंदाज आणि वरची आवक पाहून धरण काठोकाठ भरण्याची वाट न बघता विसर्ग थोडा आधी आणि कमी प्रमाणात सुरू करणे, हे पूरनियंत्रणाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये काठच्या गावांनी जे सोसले त्यानंतर तर अधिकच. दरवाजे बंद करताना विसर्ग एकदम न तोडता दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरवणे, जुलै-ऑगस्टच्या पहिल्या पुरांत बंधाऱ्यांचे दरवाजे मोकळे ठेवणे, बर्गे वेळेत काढणे, नाल्यांची काही मुखे भरावापासून आणि उपशापासून राखून ठेवणे, या प्रशासनाच्या आवाक्यातल्या गोष्टी आहेत. सांडव्याच्या वर्षांत पहिल्या विसर्गाचे चार-सहा दिवस माशांच्या हंगामाशी जुळवता आले, तर शेतकऱ्याचा एक थेंबही कमी होणार नाही.

यंदाही जून उजाडला की पूरनियंत्रण कक्ष सुरू होतील, गावागावांत दवंडी फिरेल आणि पैठणहून किती पाणी सुटले याचे आकडे दर तासाला मोबाइलवर येतील. त्याच दिवसांत मंजरथच्या वळणावर एक बारीक जाळे धरून आत काय आले ते मोजायला दोन माणसे, एक नाव आणि एक वही लागेल. विसर्गाच्या आकड्यांशेजारी त्या वहीतले आकडे आले, तर पुढच्या वर्षी दरवाजे कधी उघडायचे यावर बोलायला पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय आणि आरोग्य या तिन्ही विभागांच्या हातात काहीतरी ठोस असेल.